सोन्याचं मांजर आणि गोणपाटाचं पोतं

आमच्या पेठेत मांजर कुणी विकत घेत नाही, बहुतेक जण पाळतो असंही म्हणत नाहीत, आणि तरी मांजर नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. मांजर येतं. पत्र्यावरून येतं, न्हाणीच्या जाळीतून येतं, जिन्याखालच्या अडगळीत मुक्काम टाकतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते, आणि पेल्यातून ओघळणाऱ्या फेसाकडे डोळे लावून कडेला मांजरं बसलेली असतात. मटणाच्या दुकानांसमोर त्यांचेच भाऊबंद. बुधवार आणि रविवार त्यांना आपल्याइतकेच पाठ आहेत. कोकणातला बांगडा घाट चढून आला की मासळीवाल्या मावशींच्या पाटीभोवतीची गर्दी निम्मी माणसांची, निम्मी मांजरांची. कोल्हापुरात मांजर उपाशी मरत नाही, असं आम्ही छाती काढून सांगतो, आणि ते खरं आहे. इथली मांजरं पोटभर खाऊन दुसऱ्याच कशाकशाने मरतात.

मरतात ती मुख्यतः पिल्लं. मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येते. गाभणकाळ साधारण नऊ आठवड्यांचा. एका वेताला तीन-चार पिल्लं, आणि ती अंगावर पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. तिचं बीज बोक्याच्या संगानंतरच सुटतं, त्यामुळे संग झाला की वाया सहसा जात नाही. एकाच वेतात दोन-दोन बोक्यांची पिल्लं निघू शकतात. वर्षाला दोन वेतं धरली तरी एका जिन्याखाली सहा-आठ जीव. त्यातला एखादा रिक्षाखाली जातो, एखादा कुत्र्याच्या तोंडी, एखादा डोळे चिकटून, नाक गळून बसल्या जागी थंड होतो. आणि कधी कधी दोन-तीन दिवसांत अख्खं वेत जातं. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि तहान लागूनही पाण्याच्या वाटीपुढे नुसतं बसून राहणं. त्या विषाणूला डॉक्टर पॅनल्यूकोपेनिया म्हणतात. लस आहे, पण जिन्याखालच्या पिल्लाला ती कोण टोचणार? शिवाय हा विषाणू चिवट. जागा नीट निर्जंतुक केली नाही तर महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही तिथं टिकून राहतो, आणि पुढचं वेत त्याच अडगळीत जन्माला येतं.

नसबंदीचा प्रचार करणारी पत्रकं एक आकडा हमखास छापतात. मांजरांच्या एका जोडीपासून सात वर्षांत ४,२०,००० मांजरं! मला हा आकडा कधीच पटला नाही. तसं असतं तर महाद्वार रोडवर भाविकांना पाऊल टेकवायला जागा राहिली नसती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गणितवाल्यांनी हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तो शंभर ते पाच हजारांच्या दरम्यान उतरला. आमच्या बोळात तर मी लहान असताना जेवढी मोठी मांजरं होती, साधारण तेवढीच आजही आहेत. मग दरवर्षी जन्मणारी पिल्लं जातात कुठं? अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलिनात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोकाट मांजरींची १६९ पिल्लं नोंदवली होती. त्यातली १२७ सहा महिन्यांची व्हायच्या आत मेली किंवा बेपत्ता झाली. चारातली तीन.

हे वाचल्यापासून ‘मांजरं लई झाल्यात’ ही तक्रार मला अपुरी वाटते. झालेत ते जन्म, आणि तेवढीच मरणं. संख्या जागच्या जागी राहते ती पिल्लं मरतात म्हणून. आपल्याला दिसतात ती जगलेली, अंगाने भरलेली मांजरं, आणि मग वाटतं की मांजराचं बरं चाललंय.

आता पोत्याविषयी. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, हे माझ्या आजीने मला सांगितलं आणि तिला तिच्या आजीने. सोन्याचा आजचा भाव बघता मांजरांना याहून भक्कम विमा नाही. त्यामुळे आमच्याकडे कुणी मांजर मारत नाही. मारत नाही, सोडून येतो. वेत झालं, पिल्लं चालायला लागली, कुणाच्या तरी नव्या सोफ्यावर घाण झाली की एखाद्या रात्री गोणपाटाचं पोतं निघतं, स्कूटरच्या पायथ्याशी ठेवलं जातं आणि शिवाजी पुलापलीकडे उसाच्या कडेला तोंड मोकळं करून रिकामं होतं. परत आल्यावर पायावर पाणी घेतलं की काम झालं. पाप लागत नाही, कारण जीव घेतलेला नाही. चांगली, देवधर्म पाळणारी, मुंग्यांना साखर घालणारी माणसं हे करतात. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू उसात किती दिवस काढेल, हा प्रश्न पुलावरून परत येताना कुणी विचारत नाही.

कायद्याने विचारला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, भूक-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पुलापर्यंतच्या पेट्रोलला याहून जास्त लागतात.

आणि तो ऊस काही मोकळा नसतो. ऊसतोड सुरू झाली की फडात रानमांजराची पिल्लं सापडतात, आणि बिबट्याचे बछडे सापडले म्हणून गावभर हाकाटी होते. सह्याद्रीच्या अंगाला वाघाटीही आहे, जगातल्या सगळ्यात लहान मांजरकुळांपैकी एक, तळहाताएवढ्या पिल्लांची आई. आपण पोत्यातून नेऊन सोडतो ती मांजरं यांच्या घरात जातात. पॅनल्यूकोपेनिया जंगली मांजरांनाही होतो, रानमांजराशी घरच्या मांजराचा संकरही होतो. राधानगरी-दाजीपूरला सहलीला जाऊन जंगलाचं कौतुक करणारे आपण, जंगलाच्या उंबऱ्यावर हे सोडून येतो.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. मांजरांच्या जन्ममरणात माणसाने ढवळाढवळ करू नये, हा मुद्दा आता उरलेला नाही. ती आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोच आहोत. दूध घालतो तेव्हा करतो, पोतं उचलतो तेव्हा करतो. ती पोत्याने करायची की भूल देऊन, टाके घालून, करायची, एवढंच ठरवायचं आहे.

पण हे बोळात बोलून दाखवा. पहिल्यांदा विषय काढला तेव्हा शेजारच्या काकूंनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. “सटवाईचं वाहन हाय ते. तिच्या कुशीला चाकू लावणार तुमी?” षष्ठीदेवीचं वाहन मांजर मानतात आणि आपली सटवाई म्हणजे तीच, हे मला माहीत होतं, पण ज्या बाईने सहा नातवंडांच्या पाचवीला पाटा पुजला आहे तिच्याशी त्यावर वाद घालणं शक्य नव्हतं. “निसर्गाच्या विरुद्ध आहे,” असं शिकलेल्यांनी सांगितलं. दोन्हींचा अर्थ एकच.

उत्तर मला सुचलं नव्हतं, ते दूध कट्ट्यावर मिळालं. म्हैसवाल्या मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि धार काढता काढताच म्हणाले, “वैनी, कुठली म्हस कवा भरवायची, कुठल्या रेड्याचं बी घालायचं, ते समदं आमीच ठरवतोय. रेडा झाला तर त्याचं काय हुतं ते तुमाला सांगाय नगो. बैल तर खच्ची केल्याबिगर जुवाखाली येतोय का? तवा कुणाला निसर्ग आठवत न्हाई. मांजराचंच कौतिक कशाला?” सगळा कोल्हापूर जिल्हा दुधावर उभा आहे. गावोगावच्या संस्थेत म्हशीच्या रेतनाची तारीख लिहून ठेवतात. जनावराच्या विणीवर माणसाने हात ठेवणं इथं रोजचा व्यवहार आहे, आणि तो बहुतेक वेळा माणसाच्या फायद्यासाठी. मांजरीच्या शस्त्रक्रियेत निदान फायदा तिचाही आहे. गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो, लहानपणीच केली तर स्तनांच्या कर्करोगाचाही पुष्कळसा जातो, आणि दर काही आठवड्यांनी रात्रभर घसा फोडत फिरणं थांबतं.

काकूंचा दुसरा प्रश्न मात्र सोपा नव्हता. “आणि पोटुशी असली तर?”

असते. पिंजऱ्यात सापडलेली मोकाट मांजरी गाभण असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत हात लावून कळतही नाही. पोट उघडल्यावर डॉक्टरांना दिसतं. मग गर्भाशयासकट गर्भ निघतात. जगभर हे असंच केलं जातं, आणि करणारे सांगतात की ती पिल्लं जन्मली असती तरी त्यातली बहुतेक मेलीच असती. युक्तिवाद बरोबर आहे. तरी मी काकूंना तो सांगितला नाही. ज्याला मरणाचा हिशेब पटतो त्याला तो आधीच पटलेला असतो, आणि ज्याच्या पोटात गलबलतं त्याला टक्केवारी देऊन काय होणार? आम्ही आपल्यापुरती एक रेघ ओढली. पोट स्पष्ट दिसत असेल, दिवस भरत आले असतील, तर त्या मांजरीला त्या वेळी सोडायचं. तिला विऊ द्यायचं, पिल्लं स्वतःहून खायला लागली की मग आईला न्यायचं, आणि पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की त्यांनाही. डॉक्टरांच्या मते ही भाबडी सोय आहे, कारण विऊन मोकळी झालेली मांजरी पुन्हा हाताला लागेलच असं नाही. ते चूक म्हणत नाहीत. पण या रेघेमुळे काकू आमच्या बाजूला आल्या आणि आता बोळात कुठली मांजरी कुठं व्याली याची पहिली बातमी त्यांच्याकडूनच येते. दहा कोरड्या युक्तिवादांपेक्षा ही बातमी मोलाची.

पकडणं ही वेगळीच विद्या आहे. माणसाळलेलं मांजर टोपलीत बसतं, त्यात काही नाही. मोकाट मांजराला हात लावायला गेलात तर मनगट फाडून घ्याल. आणि मांजराचा चावा वरून टाचणीएवढा दिसला तरी आत खोल जातो, चिघळतो. रेबीजचा धोका कुत्र्याइतकाच गंभीर धरायचा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं, हळद चेपून घरी बसायचं नाही. म्हणून पिंजरा. आत पाय पडला की मागचं दार पडतं, असा तारेचा लांबट पिंजरा. तो लावायच्या आधी आठवडाभर त्याच जागी, त्याच वेळेला खायला ठेवायचं. मांजराला वेळ कळायला वेळ लागत नाही. मग ठरल्या दिवसाच्या आधी खाणं बंद. हा भाग बोळाला पटवणं सगळ्यात अवघड. आम्ही घातलं नाही तर समोरचे घालतात, समोरच्यांना सांगितलं तर वरच्या मजल्यावरून भाकरी पडते. मांजर भुकेलं नसेल तर पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नाही, आणि भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनळीत जायची भीती.

आमिषाचे मतभेद आहेत. कुणी म्हणतं उकडलेलं चिकन. माझा भरवसा सुक्या बोंबलावर, तव्यावर नुसता गरम करून. त्याचा वास सुटला की पत्र्यांवरून डोकी दिसू लागतात, त्यात दोन-चार माणसांचीही असतात. दार पडलं की मांजर पिंजऱ्यात गरागरा आपटतं, ते बघवत नाही. त्या क्षणी वाकळ टाकायची. जुनी, जाड, घरातल्या लुगड्यांची वाकळ. अंधार झाला की ते एकदम गप्प होतं. पहिल्या खेपेला ज्यांनी मला ‘मांजराला फासावर चढवताय जणू’ असं ऐकवलं होतं, तेच पुढच्या वेळी स्वतःची वाकळ घेऊन आले.

शस्त्रक्रिया तशी छोटी. बोक्याची काही मिनिटांत उरकते. मांजरीचं पोट उघडावं लागतं, म्हणून तिला दोन-चार दिवस ठेवून घ्यायचं. बोक्याबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. शस्त्रक्रिया झाली तरी पुढचे काही आठवडे त्याच्यात बीज शिल्लक असतं. “बोका खच्ची केला तरी मांजरी गाभण राहिली, तुमचं डॉक्टर बोगस,” अशी तक्रार त्यामुळे येते. जाताना रेबीजची लस टोचून घ्यायची, आणि भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापायचं. पुन्हा पिंजऱ्यात आली तर दुरूनच कळावं, बिचारीचं पोट दुसऱ्यांदा उघडलं जाऊ नये, यासाठी. जगभर हीच खूण चालते. आमच्या बोळात मात्र पहिल्या कानकापीनंतर आठवडाभर चर्चा होती की कुणीतरी अमावास्येला करणीसाठी मांजरांचे कान नेतंय. करणी आम्हीच केली हे सांगत फिरावं लागलं.

आणि सोडायचं ते जिथून उचललं तिथंच. यावर सगळ्यात मोठा रुसवा. “एवढं धरलंयसा, तर नदीपलीकडंच सोडा की!” अनेकांनी वर्गणी द्यायचं कबूल केलं होतं ते याच अपेक्षेने. त्यांना मी महापुराची आठवण देते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली तेव्हा धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या खालच्या गल्ल्या पाण्यात होत्या, पत्र्यांवर मांजरं ओरडत होती, आणि पाणी उतरल्यावर कित्येक गल्ल्यांत मांजर दिसेना. पुढच्या वर्षात ती पुन्हा दिसू लागली, वेगळ्या रंगांची, वेगळ्या चेहऱ्यांची. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर, पुन्हा तेच. दुधाचा कट्टा जिथल्या तिथं आहे, मटणाची दुकानं तिथंच आहेत, कचऱ्याचा कोपरा तिथंच आहे. जागा मोकळी झाली की शेजारच्या पेठेतली येतात आणि जोमाने वितात. कान कापलेली मांजरी तीच जागा धरून बसते, नव्या मांजरांना सहजासहजी शिरू देत नाही, आणि स्वतः वीत नाही. तिला हाकलणं म्हणजे आपलाच पहारेकरी काढून टाकणं.

“मग उंदरांचं काय?” हा प्रश्न व्यापारी विचारतात, आणि त्याला इतिहास आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढे सगळ्या मुलखात पसरला, कोल्हापूरही सुटलं नाही. त्या काळात अमरावतीला असलेल्या अँड्र्यू ब्युकॅनन नावाच्या डॉक्टराने, मांजरं असतील तिथं प्लेग कमी असं मांडून १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. त्यामुळे गुळाच्या आणि धान्याच्या गोदामात मांजर हवं, ही समजूत काही अडाणी नाही. नसबंदी झालेलं मांजरही उंदीर धरतंच, भूक आणि खोडी कुठं जात नाही. पण मांजरांच्या पराक्रमाबद्दल आपल्या कल्पना फार मोठ्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका कचरा-केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून मोकाट मांजरं आणि मोठे उंदीर यांचं बघितलं. मारले गेलेले उंदीर किती? दोन. बाकी वेळ दोन्ही पक्ष एकमेकांना टाळत होते. आमच्या गटारातल्या घुशी बघितल्या की त्या मांजरांचा शहाणपणा कळतो. घूस समोर आली की आमचा बोळभर माज करणारा बोका दुसरीकडे बघत अंग चाटायला लागतो. मांजर धरतं ते घरातली चिचुंद्री, पाल, आणि परसातला शिंजीर, दयाळ, शिंपी. घरट्यातून उडायला शिकणारी पिल्लं तर हमखास. मांजर कमी वितील तेवढं जास्वंदीवरच्या शिंजिरांना बरं, असं मी म्हणते, पण या मुद्द्यावर पेठेत मला अजून एकही समर्थक मिळालेला नाही.

नसबंदीने प्रश्न सुटतोच, असं मात्र मी सांगत नाही. सुटल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्ट या बंदराच्या गावी धक्क्यावर सुमारे तीनशे मोकाट मांजरं होती. १९९२ पासून त्यांनी पकडणं, नसबंदी, परत सोडणं हे काम धरलं. माणसाळलेली होती त्यांना घरं शोधली. सतरा वर्षं लागली. शेवटचं मांजर, झोरो त्याचं नाव, २००९ मध्ये म्हातारं होऊन गेलं आणि धक्का रिकामा झाला. हे ऐकायला छान आहे. पण मला आमच्या गावाला जवळचं वाटतं ते रोम. देवळं, पडके वाडे, खाऊ घालणाऱ्या म्हाताऱ्या बायका, सगळं आपल्यासारखं. इटलीत १९९१ च्या कायद्याने मोकाट मांजरांना संरक्षण मिळालं आणि रोममध्ये पुढच्या दहा वर्षांत जवळपास आठ हजार मांजरांची नसबंदी करून त्यांना आपापल्या जागी सोडलं गेलं. नंतर १०३ ठिकाणं तपासली. संख्या घटली होती, पण नव्याने येऊन मिळालेली मांजरं होती सुमारे एकवीस टक्के. त्यातली कितीतरी लोकांनी घरातून आणून सोडलेली. अभ्यासकांनी स्पष्ट लिहिलं की पाळीव मांजरांची वीण लोकांनी आवरली नाही तर हा सगळा पैसा, वेळ आणि श्रम वाया आहेत.

म्हणजे पुन्हा पोतंच. म्हणून आमच्याकडे पहिला पिंजरा रस्त्यावरच्या मांजरीसाठी लावण्याआधी जिच्या गळ्यात घुंगरू आहे, जिला नाव आहे, जी रात्री पायाशी झोपते, तिला दवाखान्यात न्या, असं मी म्हणते. तिला पकडावं लागत नाही. आणि नेमकी तीच राहते. “आमची मनी बाहेर जात नाही हो,” असं सांगणाऱ्या घरातून पिल्लं निघालेली मी बघितली आहेत. मनी जात नसेल, बोका येतो.

महापालिका हे का करत नाही, असं विचारणारे भेटतात. कुत्र्यांच्या नसबंदीचेच आकडे कुठल्याही शहरात पुरे पडत नाहीत. मांजराला कोण विचारतो? कुत्रा चावतो, बातमी होते, न्यायालयापर्यंत जातो. मांजर जिन्याखाली मरतं. कायदा मात्र थोडा सरकला आहे. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांच्या नावातच कंसात कुत्रे होते. २०२३ च्या नव्या नियमांच्या नावातून तो कंस गेला. मुंबईत महापालिकेने मांजरांची नसबंदी हाती घेतलेली आहे. आपल्याकडे तोवर खासगी दवाखाना आणि वर्गणी. एका मांजरीला काही हजार जातात. ते एका घराला जड आणि एका बोळाला हलके. तालमीच्या मंडळात विषय काढला तर पोरं आधी खो-खो हसली. “मांजराची वर्गणी? गणपतीच्या पावतीवर कुठं लिवायची काकू?” लिहिली नाही, पण दिली. आता पिंजरा उचलायला तीच येतात, आणि बोका सापडला की त्याला नावाने हाक मारून, भावा म्हणून, समजूत काढत नेतात.

वेळेचं एक गणित आहे. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर हलतो. थंड देशांत हिवाळ्यात तो पार थांबतो. आपल्याकडे दिवस फारसा लहान-मोठा होत नाही म्हणून वर्षभर कुठं ना कुठं वेत असतंच, तरी संक्रांत झाली, ऊन वाढायला लागलं की रात्री पत्र्यांवरचा आरडाओरडा चढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जिन्याखाली कुईकुई सुरू होते. त्यामुळे दिवाळी ते संक्रांत हा काळ साधायचा. गाभण कमी सापडतात, पाऊस नसतो, टाके ओले होत नाहीत, आणि लग्नसराईतल्या उष्ट्या पत्रावळ्या अजून सगळीकडे नसतात, त्यामुळे बोंबील चालतो. औंदा शेजारच्या दोन गल्ल्यांनी विचारलं आहे. पिंजरे आमच्या माडीवर आहेत. ज्याला हवेत त्याने न्यावेत, फक्त धुऊन परत आणावेत. बोंबलाचा वास राहिला की आमच्या घरात कुणाला झोप येत नाही.